खातं मायनसमध्ये जाऊ नये म्हणून : हप्ते, बिलं आणि पगाराच्या तारखांचा मेळ (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ

साध्या बचत खात्यावर बँक सहसा उधारी देत नाही. पैसे नसतील तर हप्ता परत जातो. तरीही महिनाअखेरीला अनेकांच्या खात्यासमोर उणे आकडा दिसतो, कारण दंड आणि चार्ज साठत जातात. हे कसं घडतं ते आधी आकड्यांत मांडतो. बँकेतल्या जाणकारांनी भर घालावी, चूक असेल तर दुरुस्त करावी.

दुचाकीचा हप्ता ३,१५० रुपये, तारीख ७, खात्यात २,९००. कमी पडले फक्त २५०. बाहेरच्या फायनान्सचा हप्ता अर्धा-मुर्धा कटत नाही. गेला तर पूर्ण जातो, नाहीतर पूर्ण परत. परत गेल्याचा चार्ज आपली बँक लावते. दरपत्रक बँकेगणिक वेगळं असतं, हिशोबासाठी ५०० धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९०. एकूण ५९०. शिल्लक उरली २,३१०. तीन-चार दिवसांनी फायनान्सवाले तोच हप्ता पुन्हा लावतात. पुन्हा कमी, पुन्हा ५९०. शिल्लक १,७२०. आता त्याच हप्त्याला १,४३० रुपये कमी पडतात. फायनान्सचा स्वतःचा बाऊन्स चार्ज वेगळा, आणि हप्ता अजून भरलेलाच नाही.

खात्यात चार्जपुरतेही पैसे नसतील तर तो बाकी म्हणून लिहून ठेवतात. पुढचा पगार जमा झाला की सगळ्यात आधी तो कटतो, आणि मग ५ तारखेच्या हप्त्याला दोन-तीनशे कमी पडतात. एकदा ही साखळी सुरू झाली की पगार वाढवून तुटत नाही. तारखा आणि खाती नीट लावूनच तुटते.

काउंटर_तीन

बरोबर मांडलंय. एक भर. फक्त किमान शिल्लक ठेवली नाही एवढ्या कारणाने दंड लावून बचत खातं उणे करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. तसं झालं असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, फी लागत नाही. चौकशीला १४४४८ हा नंबर आहे. मात्र बाऊन्स चार्जला ही सवलत नाही, ते वसूल होतात.

दुसरं, ‘दिसणारी शिल्लक’ आणि ‘वापरता येणारी शिल्लक’ यांत फरक असतो. बँकेने रक्कम अडवून ठेवली असेल तर तिला लीन म्हणतात. आयपीओला (कंपनीच्या नव्या शेअर-विक्रीला) अर्ज केला की तेवढे पैसे खात्यातच राहतात, पण अडकलेले. पासबुकात ती रक्कम शिलकीतच दिसते आणि हप्ता मात्र परत जातो. अ‍ॅपमध्ये ‘अव्हेलेबल बॅलन्स’ असं लिहिलेला आकडाच धरायचा.

सौ_विश्रामबाग

सगळ्यात आधी काय करायचं ते सांगा ना. पगार ४५,००० आहे, तारीख मागेपुढे होते, हप्ते तीन-चार आहेत, असं घर धरा. वही घेऊन बसलं तर सुरुवात कुठून?

ताळेबंद

ताई, सुरुवात सहा महिन्यांच्या स्टेटमेंटपासून. अंदाजाने लिहू नका, स्टेटमेंट समोर ठेवून लिहा. वहीत तीन रकाने पाडा: तारीख, रक्कम, कोण कापतं. पासबुकात ‘एसीएच’ ने सुरू होणाऱ्या एंट्री म्हणजे हप्ते, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम), विमा. त्याला लोक अजून ईसीएसच म्हणतात. यूपीआय ऑटोपेच्या एंट्री वेगळ्या दिसतात. कार्डावरचे ऑटो-डेबिट तिसरे. तिन्ही ठिकाणी शोधा, कारण ओटीटी आणि अ‍ॅपची वर्गणी बहुतेक वेळा यूपीआय किंवा कार्डावर असते आणि वहीतून तीच सुटते.

तुम्ही म्हणता तसं घर धरू :

गृहकर्ज ११,४००
दुचाकी ३,१५०
विमा १,९८०
एसआयपी २,०००
हे आपोआप कटणारे, एकूण १८,५३०.

वीज १,४००, मोबाईल-इंटरनेट ९५०, गॅस ९००, मुलांची फी आणि रिक्षा २,५००. हे हाताने भरायचे, एकूण ५,७५०.

आता वर्षातून एकदाच येणारे. घरपट्टी-पाणीपट्टी ७,२००, गाडीचा विमा ३,६००, जूनमधला शाळेचा खर्च १८,०००, दिवाळी १२,०००, सरकारी विम्याचे दोन हप्ते ४५६, डेबिट कार्डाची वार्षिक फी आणि एसएमएस चार्ज धरून ७४४. बेरीज ४२,०००. बाराने भागलं की ३,५००. हे ३,५०० महिन्याच्या खर्चातच धरायचे. बहुतेक घरांत हप्ता बाऊन्स होतो तो जूनमध्ये किंवा दिवाळीनंतर, आणि कारण हेच असतं.

१८,५३० + ५,७५० + ३,५०० = २७,७८०. पगारातून वजा केले की उरतात १७,२२०. म्हणजे आठवड्याला साधारण ४,०००. किराणा, भाजी, दूध, पेट्रोल, औषध याच्यात बसवायचं.

सौ_विश्रामबाग

सरकारी विम्याचे ४५६ म्हणजे कुठले?

काउंटर_तीन

जीवन ज्योती ४३६ आणि सुरक्षा विमा २०. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. पैसे मेच्या शेवटच्या आठवड्यात कटतात. नेमकी महिनाअखेर, खात्यात खडखडाट. पैसे नसतील तर विमा खंडित होतो, त्यामुळे २५ मेच्या आत तेवढे ठेवाच. आणखी एक बघा. शाखेत खातं उघडताना फॉर्म भरून घेतलेला असतो, त्यामुळे दोन बँकांतून दोनदा हप्ता जाणारी माणसं आहेत. दावा मात्र एकाच खात्यावरचा मिळतो. दुसरा बंद करायला त्या शाखेत साधा अर्ज पुरतो.

मिरज_जंक्शन

वही ठीक, पण खरी मेख दोन खात्यांत आहे. एकाच खात्यातून हप्तेही आणि चहा-भाजीचं यूपीआयही, असं असेल तर कितीही हिशोब ठेवा, १२ तारखेनंतर कळेनासं होतं यातले माझे किती आणि हप्त्याचे किती.

पगार ज्या खात्यात येतो ते देण्यांचं खातं. सगळे मॅन्डेट, म्हणजे आपोआप हप्ता कापायच्या परवानग्या, तिथेच. या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही. आधीच जोडलेलं असेल तर अ‍ॅपमधून काढून टाका, डेबिट कार्ड घरी कपाटात. पगार आला की त्याच दिवशी १७,२२० दुसऱ्या खात्यात पाठवा. ते रोजच्या खर्चाचं. ते संपलं तर संपलं, हप्त्याला हात लागत नाही. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीला १ जानेवारी २०२० पासून चार्ज नाही, आणि ती चोवीस तास चालते. त्यामुळे पाठवण्याचा खर्च शून्य.

गावभाग_वही

मला उलट वाटतं. दोन खाती म्हणजे दोन किमान शिलका. दोन्हीकडे तीन-तीन हजार अडकवून ठेवायचे आणि एकीकडे कमी झाले की दंड. एकच खातं आणि शिस्त बरी.

काउंटर_तीन

गावभागदादा, किमान शिल्लक म्हणजे रोज तेवढे पैसे पडून असावेत असा बहुतेक बँकांचा नियम नाही. बघतात ती महिन्याची सरासरी. रोज रात्री खात्यात जे असतं त्यांची बेरीज, भागिले महिन्याचे दिवस. ३,००० ची अट असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात बेरीज ९०,००० झाली की पुरे. ताळेबंदांच्या उदाहरणात देण्यांच्या खात्यावर १ तारखेला २७,७८० उरतात आणि पहिला हप्ता ५ ला जातो. १ ते ४ या चार रात्रींचीच बेरीज १,११,१२० झाली. अट पहिल्या चार दिवसांत पूर्ण. पुढे खातं ५०० वर आलं तरी चालतं.

पण दरपत्रक वाचा. काही ठिकाणी सरासरी तिमाहीची असते, आणि काही छोट्या सहकारी बँकांत कुठल्याही दिवशी खाली गेलं की चार्ज लागतो. पगार खात्याला सहसा अट नसते, मात्र नोकरी बदलून पगार दुसरीकडे जायला लागला की दोन-तीन महिन्यांनी ते साधं बचत खातं होतं आणि अट लागू होते. हे पत्राने क्वचितच कळतं.

खर्चाच्या खात्यासाठी किमान शिलकीची अट नसलेलं खातं निवडा. स्टेट बँकेने बचत खात्यांवरची ही अट मार्च २०२० मध्ये काढली. २०२५ च्या मध्यात कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही दंड बंद केला. त्याशिवाय प्रत्येक बँकेत मूलभूत बचत खातं असतंच, त्याला किमान शिल्लक शून्य. त्यातून महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत. त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असेल तर मात्र हे मिळत नाही.

गावभाग_वही

सरासरीचं गणित असं मांडलेलं कुठे वाचलं नव्हतं. आक्षेप मागे घेतो. पण मग वर्षाचे ३,५०० त्याच खात्यात पडून राहिले तर ते खर्चालाच जाणार.

ताळेबंद

म्हणून ते तिथे ठेवायचे नाहीत. त्याच बँकेत १२ महिन्यांचं आवर्ती खातं (आरडी), दरमहा ३,५००, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होतील अशी सूचना शाखेत देऊन ठेवा. वर्षाचे सगळे एकाच आवर्तीत टाकू नका. जूनच्या फीचे १८,००० म्हणजे महिन्याला १,५००, ते जूनमध्ये सुरू होऊन मेअखेर संपणारं. दिवाळीचे १,००० ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपणारं. उरलेले १,००० तिसऱ्यात. तीन छोटी आवर्ती खाती चालतात, पैसे ज्या महिन्यात लागतात त्याच्या आदल्या आठवड्यात हातात येतात.

इकडे पिग्मी, म्हणजे एजंट रोज येऊन नेतो ती छोटी बचत, घरोघर आहे. रोज ५० म्हणजे महिन्याला १,५००, दुकानदारांना ते जमतं. पण ते पैसे पतसंस्थेत असतील तर एक लक्षात असू द्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. वर्षाच्या फीइतकी रक्कम ठीक, आयुष्याची पुंजी नको. आणि एजंटने पैसे घेतले की त्याच वेळी पावती किंवा मेसेज बघायचा, महिनाअखेरीला नाही.

कोयनाकाठ_कराड

तारखांवर कुणीच बोललं नाही. शिक्षकांचा पगार कधी १ ला, कधी ८-१० ला. हप्ता ५ ला. दोन खाती करूनही बाऊन्स होणारच.

कृष्णाकाठ

कोयनाकाठ, अगदी मुद्द्याचं. सहा महिन्यांच्या स्टेटमेंटवर पगार सगळ्यात उशिरा आलेली तारीख शोधा. तिच्यात तीन दिवस मिळवा. सगळे हप्ते त्यानंतरच हवेत. पगार जास्तीत जास्त ८ ला येत असेल तर ११ च्या पुढचा.

हप्त्याची तारीख बदलून मिळते, मागावी लागते. कर्ज देणाऱ्याकडे अर्ज करायचा. अनेकांकडे ठराविक तारखा असतात, ५, १०, १५ अशा, त्यातली निवडायची. नवीन मॅन्डेटवर सही किंवा आधार-ओटीपी करावा लागतो. मधल्या दिवसांचं व्याज एकदा वेगळं लागतं. आणि जुना मॅन्डेट बंद झाल्याचं लेखी घ्या, नाहीतर एका महिन्यात दोन्ही लागतात. प्रत्येक मॅन्डेटला २० अक्षरांचा क्रमांक असतो, यूएमआरएन म्हणतात. अर्जात तोच लिहायचा. ‘माझा हप्ता बंद करा’ एवढंच लिहिलं तर चार मॅन्डेटपैकी कुठला ते काउंटरवर कळत नाही.

एसआयपीचीही तारीख बदलता येते, विम्याचं कंपनीला विचारा. क्रेडिट कार्डाचं बिलचक्र किमान एकदा तरी बदलून मागण्याचा हक्क कार्डधारकाला आहे, तो वापरा.

मिरज_जंक्शन

तारखेबद्दल आणखी. ऑगस्ट २०२१ पासून एसीएचचे हप्ते रविवारी आणि सुट्टीलाही कटतात. पूर्वी ५ ला रविवार आला की सोमवारची सकाळ मिळायची, ती आता नाही. हप्ते पहाटे-सकाळीच लागतात. ‘बँक उघडली की भरू’ म्हणून चालत नाही, आदल्या रात्री पैसे खात्यात हवेत. रविवारचा हप्ता असेल तर शनिवारी संध्याकाळीच.

यूपीआय ऑटोपेचं वेळापत्रक वेगळं. १ ऑगस्ट २०२५ पासून ते गर्दीच्या वेळा सोडून चालवतात : सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५, किंवा रात्री साडेनऊनंतर. पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीन वेळा लागतो. त्यामुळे सकाळी नाही कटलं म्हणून ते पैसे मोकळे समजू नका, रात्री दहाला कटू शकतात. ऑटोपे आणि कार्ड-मॅन्डेटला कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो. तो वाचून तिथूनच नको असलेला थांबवता येतो. अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ असा विभाग असतो, तिथे थांबवणे आणि रद्द करणे दोन्ही आहे.

सौ_विश्रामबाग

फोन बदलला की काय होतं? नवीन फोनवर पैसे जात नाहीत म्हणे.

मिरज_जंक्शन

ताई, सिम किंवा फोन बदलून यूपीआय पुन्हा चालू केलं की पहिले २४ तास ५,००० पर्यंतच पाठवता येतात. त्यामुळे पगाराच्या आणि हप्त्याच्या आठवड्यात फोन बदलू नये. बदललाच तर नेट बँकिंग किंवा शाखा वापरा.

आठवड्याच्या ४,००० साठी यूपीआय लाइट बघा. त्यात जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात, एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय देता येतात. सोमवारी ४,००० टाकले की पासबुकात एकच एंट्री. वीस-वीस रुपयांच्या शंभर एंट्रींतून हप्ता शोधत बसावं लागत नाही, आणि बुधवारी किती उरले ते एका नजरेत दिसतं. फक्त ‘ऑटो टॉप-अप’ बंद ठेवा. ते चालू राहिलं तर लाइट रिकामं झालं की खात्यातून आपोआप भरलं जातं आणि ४,००० ची मर्यादा उरतच नाही.

हरिपूर_रोड

वीजबिलावर लिहितो, कारण त्यात फुकट जाणारे पैसे जास्त आहेत. महावितरणच्या बिलावर खाली तीन रकमा असतात : अमुक तारखेपर्यंत भरल्यास, देय तारखेपर्यंत, आणि त्यानंतर. पहिली तारीख बिलाच्या तारखेपासून सात दिवसांची, तिच्यात भरलं तर एक टक्का सूट. ऑनलाइन भरल्यास पाव टक्का आणखी. देय तारीख चुकली तर सव्वा टक्का वाढ. १,४०० च्या बिलावर हे १४-१७ रुपयेच, पण दुकान-वर्कशॉपचं १८,००० चं बिल असेल तर दोनशेच्या घरात फरक पडतो.

चेकने भरत असाल तर नीट वाचा. भरणा धरतात तो चेक वटल्याच्या तारखेचा. शेवटच्या दिवशी पेटीत चेक टाकला तर तो उशिराच. आणि चेक परत गेला तर ७५० अधिक जीएसटी मिळून ८८५ रुपये पुढच्या बिलात लागतात, वर आपल्या बँकेचा चार्ज वेगळा. घरचं वीजबिल चेकने देण्यात काहीच फायदा नाही.

मोबाईलचंही गणित चुकतं. २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षात १२ नव्हे, १३ वेळा. तेराव्याची तरतूद वहीत नसते. दर महिन्याला त्याच तारखेला येणारा प्लॅन घेतला तर तारीख डोक्यात राहते.

गावभाग_वही

पैसे कटले पण बिल भरलेलं दाखवत नाही, असं झालं तर? दुसऱ्यांदा भरावं का?

काउंटर_तीन

लगेच नका भरू, देय तारीख उद्यावर असेल तरच भरा. यूपीआयने दुकान-कंपनीला गेलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. माणसाकडून माणसाला पाठवलेले एका दिवसात. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. अ‍ॅपमधला १२ अंकी व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, त्याच्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. आणि दोनदा कटलेत असं धरून हप्त्याच्या खात्यात तेवढी फट आधी बुजवा. परत येतील तेव्हा येतील, हप्ता थांबत नाही.

कोयनाकाठ_कराड

चेकचं म्हणाल तर इकडे पतसंस्था आणि फर्निचरवाले अजून पुढच्या तारखेचे चेक घेतात. ‘टाकला तरी वटायला दोन दिवस लागतात’ हे जुनं गणित सोडा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात आणि त्याच दिवशी निकाल लागतो. सकाळी टाकलेल्या चेकला संध्याकाळी पैसे भरून उपयोग नाही.

चेक न वटणं हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे हे लोकांना ठाऊक आहे. हप्त्याचा मॅन्डेट पैशाअभावी परत जाणं हेही पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली तसंच आहे, ते ठाऊक नसतं. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्हींत आधी नोटीस यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला असतात. नोटिशीचं पाकीट परत पाठवू नका. त्या पंधरा दिवसांत भरून पावती घेतली की विषय तिथेच संपतो.

वाळवा_पट्टा

हे सगळं पगारदारांचं झालं. ऊस, हळद, द्राक्षवाल्याला १ तारीख नाही. उसाचं बिल कायद्याने १४ दिवसांत यायला हवं, येतं कधी ते कारखान्यावर. त्यामुळे हप्ते उसाच्या भरवशावर ५ ला लावणं चूक.

शेतकरी घराने असं बघावं. गाय-म्हैस असेल तर दर दहा दिवसांच्या दूधबिलाचं खातं हेच छोट्या हप्त्यांचं खातं. तीन बिलांपैकी महिन्याचं दुसरं बिल साधारण कधी जमा होतं ते बघून हप्ता त्यानंतर लावा, म्हणजे दोन बिलं हातात असतात. दूध कमी असणारे उन्हाळ्याचे महिने धरून हप्ता ठरवा, हिवाळ्याचं बिल बघून नको.

एकरकमी पैसे आले की घराचे बारा महिन्यांचे ठरलेले खर्च आधी वेगळे काढा. महिन्याला १२,००० लागत असतील तर १,४४,०००. त्यातले तीन महिन्यांचे ३६,००० खात्यात. बाकीच्या १,०८,००० च्या प्रत्येकी ३६,००० अशा तीन ठेवी, तीन, सहा आणि नऊ महिन्यांच्या. फॉर्मवर ‘मुदत संपल्यावर खात्यात जमा’ याच्यावर खूण करा. ती केली नाही तर ठेव आपोआप पुढे चालू राहते आणि पैसे येणार म्हणून बसलेल्या महिन्यात हप्ता बाऊन्स.

पीककर्जाच्या केसीसी (किसान क्रेडिट कार्ड) खात्यावर घरचा एकही मॅन्डेट लावू नका. ते खातं उणेच असतं, तो त्याचा स्वभाव आहे. त्यातून टीव्हीचा हप्ता गेला की तेवढं कर्ज वाढलं. वर्षाच्या आत पूर्ण भरलं तरच व्याजाची सवलत मिळते आणि त्या हप्त्यांमुळे भरणा अडकतो.

ताळेबंद

वाळवा पट्ट्याचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्याला जोडून, ज्या बँकेचं कर्ज थकलंय त्याच बँकेत जमा होणारे पैसे ती बँक थकबाकीकडे वळते करू शकते. तिथलं थकीत मिटेपर्यंत दुसरे हप्ते दुसऱ्या बँकेतून ठेवा.

सौ_विश्रामबाग

सगळं करूनही एखाद्या महिन्यात पगारच १५ ला आला तर? उशी म्हणून किती ठेवायचे?

मिरज_जंक्शन

सगळ्यात मोठा हप्ता जेवढा, तेवढे. इथे ११,४००. दरमहा ९५० बाजूला टाकले की बरोबर वर्षात होतात. ते देण्यांच्या खात्याला जोडलेल्या ठेवीत ठेवा. ऑटो स्वीप म्हणतात. खात्यात कमी पडले तर बँक ठेवीतला लागेल तेवढाच भाग, सहसा हजाराच्या पटीत, मोडून हप्ता पार पाडते. बाकीची ठेव तशीच राहते. शाखेत विचारून घ्या की एसीएचच्या हप्त्यालाही ठेव आपोआप मोडते का, फक्त एटीएम-चेकला नको.

दुसरा मार्ग ठेवीवरची ओव्हरड्राफ्ट सोय, म्हणजे ठेव न मोडता तिच्यावर उधार. साधारण ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत, व्याज ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त, आणि जेवढे दिवस वापराल तेवढ्याच दिवसांचं. १०,००० दहा दिवस वापरले, दर ८ टक्के धरला तर व्याज २२ रुपये. ५९० च्या बाऊन्सपेक्षा कितीतरी स्वस्त. जनधन खात्यावरही ओव्हरड्राफ्ट आहे, वरची मर्यादा १०,०००, त्यातले २,००० विनाअट.

पगार लांबणार हे आधी कळलं तर क्रम असा लावा. आधी एसआयपी थांबवा, ती काही कामकाजी दिवस आधी सांगावी लागते. तिचा हप्ता चुकला तर फंडवाले दंड लावत नाहीत, पण आपली बँक बाऊन्स चार्ज लावतेच, आणि लागोपाठ तीन चुकले की एसआयपी बंद होते. मग विमा. मासिक हप्त्याला एलआयसीकडे १५ दिवसांची मुभा असते, तिमाही-वार्षिकला ३०. कर्जाचा हप्ता सगळ्यात शेवटी हलवायचा, कारण तो चुकला की सिबिलकडे (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे) जातो, आणि जानेवारी २०२५ पासून बँका ती माहिती किमान पंधरवड्याला पाठवतात. क्रेडिट कार्डाच्या देय तारखेनंतर तीन दिवस उलटले तरच लेट फी लागते, ते तीन दिवस शेवटचा पर्याय म्हणून लक्षात असू द्या.

हरिपूर_रोड

बँक विलीन झाली की काय बघायचं तेही इथे नोंदवून ठेवतो. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. इकडच्या जुन्या खातेदारांना त्याची कल्पना आहे. विलीनीकरणानंतर आयएफएससी (शाखेचा कोड) बदलतो, कधी खाते क्रमांकही. जुने मॅन्डेट काही काळ चालतात, कायम नाही. पत्र आलं की प्रत्येक हप्तेवाल्याला, विमा कंपनीला आणि पगार देणाऱ्या कार्यालयाला नवा तपशील लेखी द्या आणि रद्द केलेला नवा चेक जोडा. चेकबुक जुनं असेल तर पुढच्या तारखेचे दिलेले चेकही बदलून द्यावे लागतात, ते विसरतं.

सौ_विश्रामबाग

ताळेबंद, तुमच्या वहीचे रकाने उतरवून घेतले. एकच शंका, देण्यांच्या खात्याला यूपीआय नाही, मग वीज आणि फी हाताने भरायची कशी?

ताळेबंद

नेट बँकिंगने, ताई. बँकेच्या नेट बँकिंगमध्ये बिल भरण्याचा विभाग असतो. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक एकदा टाकून ठेवला की दर महिन्याला बिल तिथेच दिसतं. पगार आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ३,५०० आवर्तीत वळते होतात तेव्हाच, बसून वीज, इंटरनेट, फी तिन्ही भरून टाका. खात्यात १६,००० दिसतात म्हणून मन निवांत होतं, पण आपोआप कटणाऱ्या १८,५३० पैकी किती कटले आणि किती कटायचे ते वहीतल्या चौथ्या रकान्यात खूण करून बघत जा. चौथा रकाना मी वर सांगायचा राहिला : ‘कटलं’.